सागरी संयुगे आणि पुरवठ्याचा प्रश्न

सागरी जीवांतील संयुगे कर्करोगावर उपयोगी पडतात का, या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयांनी केव्हाच दिलेले आहे. फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतच्या एका स्पंजातून वेर्नर बर्गमन यांनी १९५० च्या सुमारास वेगळी काढलेली न्यूक्लिओसाइडे, म्हणजे शर्करा आणि नत्रयुक्त आधारक यांच्या जोडणीतून बनणारे रेणू, सायटाराबिनच्या रचनेला प्रेरक ठरली. १९६९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध तीव्र रक्तकर्करोगाच्या उपचारात आजही अग्रस्थानी आहे. खरा पेच आहे तो पुढचा: समुद्रात अत्यल्प प्रमाणात सापडणारा रेणू रुग्णाला पुरेल इतका आणायचा कोठून?

हॅलिकॉन्ड्रिन बी या संयुगाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १९८६ मध्ये हिराता आणि उएमुरा या जपानी शास्त्रज्ञांनी ‘हॅलिकॉन्ड्रिया ओकादाई’ या काळ्या स्पंजाच्या ६०० किलोग्रॅम साठ्यातून ते मिळवले, तेव्हा हाती आले अवघे १२.५ मिलिग्रॅम. न्यूझीलंडजवळच्या खोल पाण्यातील दुसऱ्या एका स्पंजाने टनामागे सुमारे ३०० मिलिग्रॅम दिले, तरी तेवढ्यावर कोणतेही औषध उभे राहणे शक्य नव्हते. १९९२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात योशितो किशी यांच्या गटाने या रेणूचे संपूर्ण संश्लेषण केले आणि त्या संश्लेषणातील मधल्या टप्प्यांवरच्या संयुगांच्या चाचण्यांतून असे दिसले की, रेणूचा उजवा अर्धा भागच पेशींविरुद्ध क्रियाशील आहे. त्या अर्ध्या भागावरून घडवलेले एरिब्युलिन पेशीविभाजनासाठी लागणाऱ्या सूक्ष्मनलिकांची वाढ रोखते. २०१० मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. अनेक उपचार होऊनही पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांवरील चाचणीत मध्यक आयुर्मान १०.६ महिन्यांवरून १३.१ महिन्यांवर गेले. हा लाभ माफक असला तरी अशा अवस्थेत तो मोलाचा आहे.

इतर यशस्वी उदाहरणांतही पुरवठ्याचा मार्ग प्राण्याबाहेरच सापडला. कॅरिबियन समुद्रात खारफुटीच्या मुळांवर वाढणाऱ्या एका कंचुकधारी प्राण्यातील ट्रॅबेक्टेडिन आता एका जिवाणूच्या किण्वनातून मिळणाऱ्या संयुगापासून अर्धसंश्लेषणाने बनते. हिंदी महासागरातील सागरी ससा या गोगलगायीसारख्या मृदुकाय प्राण्यामध्ये प्रथम सापडलेले डोलास्टॅटिन १० हे मुळात त्याच्या आहारातील सायनोजिवाणूंचे असल्याचे नंतर उघड झाले. स्वतंत्रपणे वापरल्यावर ते मानवी चाचण्यांत निभावले नाही, परंतु त्यावर बेतलेला संश्लेषित रेणू प्रतिपिंडाला, म्हणजे विशिष्ट पेशी ओळखणाऱ्या प्रथिनाला, जोडून ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन हे औषध सिद्ध झाले आणि त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली.

या अनुभवातून भारतीय संशोधकांनी घ्यायचा बोध स्पष्ट आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेपासून कोकणपट्टीतील महाविद्यालयांपर्यंत सागरी नमुने गोळा करण्याची सोय आहे. मात्र एखाद्या अर्काने काचपात्रातील कर्कपेशी मारल्या, एवढ्या आधारावर त्याला कर्करोगविरोधी म्हणणे शास्त्राला धरून नाही, कारण पुरेशा मात्रेत असंख्य पदार्थ पेशी मारतात. म्हणून निम्म्या पेशींची वाढ थांबवणाऱ्या मात्रेबरोबरच निरोगी पेशींवरील परिणाम, शुद्ध संयुगाची ओळख, त्याचे प्रतिकिलो प्रमाण आणि त्याचा खरा निर्माता प्राणी की त्याच्यातील सूक्ष्मजीव, याचा शोध या बाबी पहिल्याच शोधनिबंधात आल्या पाहिजेत. जीवशास्त्रज्ञ, संश्लेषण रसायनतज्ज्ञ आणि अर्बुदतज्ज्ञ यांनी नमुना गोळा करण्याआधीच एकत्र बसावे. त्यामुळे किनाऱ्यावरील जीवांची नासाडी टळेल आणि ज्या संयुगाचा पुरवठा अशक्य आहे त्यावर वर्षे खर्ची पडणार नाहीत. उपचारांचे पर्याय संपत आलेल्या रुग्णांप्रती या क्षेत्राचे एवढे उत्तरदायित्व निश्चितच आहे.