बारी अर्धी ऐकू नये

गणपतीच्या आधी घर सारवण्याचे दिवस गेले. आता आपण रंग काढतो. रंग काढायचा म्हणजे कपाटे भिंतीपासून सरकवणे आले, आणि कपाट सरकले की त्याच्या मागचे, वरचे आणि पोटातले सगळे ओटीवर येऊन पडते. मालवणच्या आमच्या घरात असाच एकदा बुटांचा एक खोका निघाला. आत तेवीस कॅसेटी. काहींवर वडिलांच्या अक्षरात 'डबलबारी, जत्रा, पहिली रात्र' असे लिहिलेले, काहींवर नुसतेच 'भजन', आणि चार कॅसेटींवर काहीच नाही. "ह्यो कचरो टाकूचो मा?" असे घरातल्या तरुण पिढीने विचारले. त्यांच्या दृष्टीने प्रश्न रास्त होता. वाजवायला यंत्र नाही, काही फितींना पांढरी बुरशी आलेली, आणि हवे ते भजन आता मोबाइलवर बोट ठेवले की ऐकू येते.

खोका टाकला नाही. ओळखीच्या एका कारागिराकडून जुना टेपरेकॉर्डर चालू करून घेतला आणि त्यातल्या त्यात स्वच्छ दिसणारी एक कॅसेट लावली. पहिली दोन मिनिटे बुवा नव्हतेच. आधी जनरेटरची घरघर. मग कोणाचा तरी खोकला. मग कर्ण्यावरून हरवलेल्या एका मुलाची घोषणा. मग अगदी जवळून, बहुधा टेपच्या मालकाला उद्देशून, एक आवाज आला, "रे, टेप हयसर ठेव, नायतर नुसती झांजच गावतली." आणि त्यानंतर पेटीचा सूर, पखवाजावर थाप आणि बुवांची पहिली हाक. ओटीवरची सगळी मंडळी हातातले काम टाकून ऐकत बसली. ज्याने 'कचरो' म्हटले होते त्यानेच विचारले, "तो मुलगा गावलो की नाय?"

या प्रश्नाने मला विचारात टाकले. गाणे ऐकता ऐकता तो त्या रात्रीत जाऊन बसला होता. आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांचे पुढे काय करायचे, याचे उत्तर मला त्या प्रश्नात दिसते.

ज्यांनी डबलबारी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. देवळाच्या आवारात दोन भजनी मंडळे समोरासमोर बसतात. प्रत्येकाचा म्होरक्या म्हणजे बुवा. तो पेटीवर बसून गातो, आणि त्याच्या मागे कोरस, पखवाज, झांज, टाळ. नमन होते, रूपाचा अभंग होतो, गौळण होते, गजर होतो. एकाची बारी संपली की दुसऱ्याची सुरू. पण खरी गंमत असते ती सवाल-जबाबात. पहिले बुवा पुराणातले एखादे कोडे घालतात, जाता जाता दुसऱ्या बुवांना एक चिमटा काढतात. दुसऱ्या बुवांनी आपल्या बारीत त्या कोड्याचे उत्तर द्यायचे, चिमटा व्याजासह परत करायचा आणि स्वतःचे कोडे पुढे ठेवायचे. चाल कधी नाट्यपदाची, कधी सिनेमातली, कधी स्वतःची. जाहिरातीत याला 'जंगी सामना' म्हणतात, पण निकाल बहुधा कोणी जाहीर करत नाही. तो पहाटे घरी जाणाऱ्यांच्या बोलण्यात, चहाच्या टपरीवर लागतो.

असली रात्र पेटीत भरून घरी नेता येईल, हे आपल्या आजोबांच्या स्वप्नातही नव्हते. भारतातले व्यापारी ध्वनिमुद्रण 1902 साली कलकत्त्यात सुरू झाले. त्या जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. मोठमोठ्या गवयांनी आपला राग तेवढ्यात बसवला आणि काहींनी त्यात चमत्कार करून दाखवला, ही गोष्ट वेगळी. पण ज्या भजनात कोडे घालायलाच दहा मिनिटे लागतात, ते त्या तबकडीवर मावणार कसे?

ते शक्य केले कॅसेटने. फिलिप्स कंपनीने 1963 साली ती बाजारात आणली. आपल्याकडे ती घरोघर पोचायला सत्तरचे दशक सरावे लागले. आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून 'टू-इन-वन' आले, मुंबईच्या चाकरमान्यांनी ते गणपतीला गावी आणले, आणि ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटींचा पूर आला. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीत एका बाजूला पाऊण तास, म्हणजे जवळजवळ अख्खी बारी मावू लागली. मुंबईच्या कंपन्यांना विचारावे लागले नाही, स्टुडिओ लागला नाही. देवळाच्या खांबाला टेकून बसलेला कोणीही माणूस आपल्या गावच्या गाण्याचा संग्राहक झाला.

त्या मुद्रणात दोष पुष्कळ. त्या टेपरेकॉर्डरांत आवाजाची पातळी यंत्र स्वतःच ठरवी. झांज कडाडली की यंत्र दचकून सगळाच आवाज खाली ओढी आणि झांज थांबली की बुवांचा आवाज हळूहळू पाण्यातून वर यावा तसा येई. बाजू संपली की कॅसेट उलटेपर्यंत अभंगाचा एक चरण गळे. पुढे स्टुडिओत मुद्रित केलेल्या भजनांच्या कॅसेटी निघाल्या त्या स्वच्छ होत्या, त्यांच्यावर नव्या मुलांनी चाली बसवल्या, आणि तो उपयोग मोठाच होता. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार आहे ती आता जुन्या कॅसेटींचे जे होते त्याबद्दल. कोणी हौसेने त्या संगणकावर उतरवून घेतो. मग यंत्राने 'स्वच्छता' होते. म्हणजे जनरेटर जातो, त्याबरोबर टाळांची किणकिण जाते आणि लोकांचा हुंकारही जातो. मग निवड होते. दोन गजर, एक गौळण, फर्मास टाळ्या पडलेला एक चिमटा, असे तुकडे जोडून 'निवडक' तयार होते आणि उरलेली फीत टाकून दिली जाते. ऐकायला बरे वाटते. पण जबाब ठेवून सवाल कापला तर जबाबाला अर्थ काय? ज्या कोड्यावर समोरचे बुवा पाऊण तास विचार करत बसले, ते कोडेच ऐकले नाही तर उत्तर ऐकून टाळी कशासाठी वाजवायची? पत्त्याच्या डावातली फक्त शेवटची पाने दाखवावीत, तसे हे आहे.

हा प्रश्न आपल्याच वाट्याला आलेला नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे 'सोल' नावाचे गाणे चर्चमधल्या भजनातून निघाले. एकाने हाक द्यायची आणि सगळ्यांनी ती झेलायची, हा त्याचा पाया, आणि तो आपल्या बुवा-कोरसच्या नात्यापेक्षा फार दूरचा नाही. तिथेही कंपन्यांना लोकांच्या गलक्याचे वावडे होते. जेम्स ब्राऊन या गायकाला न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधला कार्यक्रम प्रेक्षकांसह मुद्रित करायचा होता. कंपनीच्या मालकाने नकार दिला, तेव्हा त्याने 1962 च्या ऑक्टोबरात पदरच्या पैशांनी ते मुद्रण केले. तबकडी 1963 मध्ये आली आणि लोकप्रियतेच्या यादीत 66 आठवडे राहिली. सॅम कुक हा तिथला गोड गळ्याचा लाडका गायक. 1963 च्या जानेवारीत मायामीच्या एका क्लबात तो असा गायला की त्या गोड आवाजाला धार चढली, लोक त्याच्याबरोबर ओरडू लागले. कंपनीला हे फार रांगडे वाटले आणि फीत कपाटात गेली. पुढच्याच वर्षी कुक वारला. ती फीत तबकडी होऊन लोकांसमोर आली 1985 साली, बावीस वर्षांनी, आणि आज जाणकार तिला त्याच्या उत्तम गाण्यात धरतात.

तिसरे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे. अरेथा फ्रँकलिन ही धर्मोपदेशकाची मुलगी, लहानपणी चर्चमध्ये गाणारी. कीर्तीच्या शिखरावर असताना, 1972 च्या जानेवारीत, लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री ती तिथल्या गायकवृंदाबरोबर भजने गायली. त्या दोन रात्रींतून निवडून केलेल्या तबकड्यांचा जोड तिच्या सर्वांत जास्त खपलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी ठरला. तरी पुढे, 1999 मध्ये, दोन्ही रात्री जशा घडल्या तशा, क्रमाने प्रसिद्ध कराव्याशा वाटल्या. निवडक हाताशी असतानाही लोकांना रात्र हवी होती. तिथल्या फिती कंपनीच्या कोठारात जपलेल्या होत्या म्हणून हे झाले. आपल्या फिती बुटांच्या खोक्यात आहेत.

आपल्याकडेही ही जाण नाही असे नाही. पु.लं.च्या कथाकथनाच्या कॅसेटी आठवा. त्यांतला श्रोत्यांचा हशा काढून टाकण्याचे कोणाच्या मनात तरी येईल का? कुठल्या वाक्याला कोण आधी हसतो, पु.ल. क्षणभर कसे थांबतात, हे सगळे आपल्याला पाठ आहे. पु.लं.च्या श्रोत्यांना जो मान दिला तो जत्रेतल्या श्रोत्यांना का देऊ नये?

यावर काही आक्षेप येतील. सगळ्याच बाऱ्या काही थोर नसतात. काही रटाळ, काहींतले चिमटे घरात ऐकवण्यासारखे नसतात. खरे आहे. शिवाय चार-पाच तास ऐकायला सवड कोणाला? तेही खरे. तुकडे जरूर करावेत, प्रवासात ऐकावेत, मुलांना ऐकवावेत. पण तुकडे करण्याआधी अख्खी बारी जशीच्या तशी कुठेतरी ठेवावी, एवढेच माझे म्हणणे. काय रटाळ आणि काय मोलाचे हे आपणच आज ठरवून मोकळे होऊ नये. सॅम कुकच्या कंपनीने ठरवलेच होते.

आणि घाई करायला हवी. फितीवरचा लोहाचा थर ज्या चिकट द्रव्याने धरलेला असतो ते हवेतला ओलावा शोषते. आपल्या किनाऱ्यावर चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा. बुरशी आलेली कॅसेट थेट यंत्रात घालू नये. तिची बुरशी यंत्रातून दुसऱ्या कॅसेटींना लागते. जाणकाराकडून ती आधी साफ करून घ्यावी. नव्वद मिनिटांची फीत उतरवायला नव्वद मिनिटेच लागतात, त्याला आडवाट नाही. उतरवताना मूळ आवाज काटछाट न करता ठेवावा, त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असाव्यात, आणि लोकांसमोर आणायचे असेल तर त्या बुवांच्या घरच्यांना आधी विचारावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नावे. बुवा कोण, पखवाजावर कोण, गाव कुठले, वर्ष कुठले, हे आवाज ऐकून सांगणारी माणसे अजून गावात आहेत. त्यांच्याजवळ बसून ऐकावे आणि लिहून घ्यावे. फीत कदाचित आणखी काही वर्षे टिकेल. ही माणसे तेवढी थांबतीलच असे नाही.

हे सगळे उपदेशाच्या सुरात लिहितो आहे खरा, पण माझा हात स्वच्छ नाही. कॅसेटीच्या पाठीला प्लॅस्टिकच्या दोन बारीक चकत्या असत. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा मुद्रण होत नसे. वडील प्रत्येक बारीची कॅसेट भरली की सुरीच्या टोकाने त्या चकत्या मोडत. मी कॉलेजात होतो. नवी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते आणि एका सिनेमाची गाणी हवी होती. मोडलेल्या चकतीच्या जागी चिकटपट्टी लावली की यंत्र फसते, हे मला मित्राने शिकवले होते. मी ती लावली. वडिलांना कळले तेव्हा ते रागावले नाहीत. "त्या बारयेत माझो मृदुंग होतो," एवढेच म्हणाले आणि जेवायला बसले.

ती कॅसेट त्या खोक्यात निघाली. चिकटपट्टी पिवळी पडून अजून जागेवर होती. सिनेमाची गाणी ऐकत गेलो. शेवटचे गाणे संपले, खट् असा आवाज आला आणि त्याच्या पलीकडे, माझी गाणी जिथवर पुरली नव्हती तिथे, बारीची शेवटची अकरा मिनिटे शिल्लक होती. कसला तरी जबाब चालू आहे. सवाल काय होता ते मी पुसून टाकलेले. गजर चढत जातो, लोक टाळ्यांचा ठेका धरतात, आणि त्या सगळ्या गलक्याच्या खालून एक पखवाज एकसारखा वाजत राहतो. वडील जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांचा फोटो घरात आहे. त्यांच्या हाताचा आवाज या अकरा मिनिटांपलीकडे कुठेही नाही.

तुमच्याही माळ्यावर असा खोका असेल. या गणपतीत रंग काढाल तेव्हा तो उघडा, आणि ऐकल्याशिवाय टाकू नका.