चार तारांचा मान

न्यूयॉर्क शहराच्या मध्यभागी सेंट्रल पार्क नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. तेथील एका खडकावर बसून हवाई बेटांतील जेक शिमाबुकुरो या तरुण वादकांनी एक गीत वाजविले. २००६ साली त्या वादनाचे चित्रीकरण इंटरनेटवर आले आणि पाहता पाहता लक्षावधी लोकांपर्यंत पोहोचले. गीत जॉर्ज हॅरिसन यांचे; बीटल्स या इंग्रज वादकवृंदाने १९६८ साली ते गाइले होते. त्या गीताच्या नावातच गिटारचे रुदन आहे. परंतु शिमाबुकुरो यांच्या हाती गिटार नव्हती. होते ते चार तारांचे, कुशीत मावणारे युकुलेले.

असे वादन ऐकून पुष्कळांच्या तोंडून सहज उद्गार निघतो, "हे युकुलेले वाटतच नाही!" उद्गार स्तुतीचा खरा, पण त्याच्या पोटात अनादर दडलेला आहे. खेड्यातून आलेल्या एखाद्या हुशार मुलाला "तू खेड्यातला वाटतच नाहीस" असे कोणी म्हटले, तर त्याने आनंद मानावा की खेद?

हा अनादर या वाद्याच्या वाट्याला जन्मापासून आलेला नाही. १८७९ सालच्या ऑगस्ट महिन्यात 'रेव्हन्सक्रॅग' नावाचे जहाज चार महिन्यांचा प्रवास संपवून होनोलुलू बंदराला लागले. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील चारशेहून अधिक माणसे त्यातून उतरली. उसाच्या मळ्यांत मजुरी करण्यासाठी ती आली होती. त्यांच्या सामानात त्यांच्या बेटावरची लहान तंतुवाद्ये होती, आणि त्यांच्यात लाकूडकामात निष्णात असे तीन कारागीर होते. मजुरीची मुदत संपल्यावर या कारागिरांनी होनोलुलूत आपला व्यवसाय थाटला आणि तेथील कोआ वृक्षाच्या लाकडापासून वाद्ये घडविली. त्यांतूनच युकुलेले जन्मास आले. 'उड्या मारणारी पिसू' असा या नावाचा अर्थ सांगतात. तारांवरून पळणारी बोटे पाहून कोणाला तो सुचला असेल, तर त्याच्या विनोदबुद्धीला दाद दिली पाहिजे! हवाईचे राजे कालाकाउआ यांना हे वाद्य इतके आवडले, की दरबारी समारंभांत हुला नृत्याच्या साथीला त्यांनी त्याला स्थान दिले. मजुरांबरोबर आलेले वाद्य काही वर्षांतच राजवाड्यात पोहोचले होते.

त्याची प्रतिष्ठा गेली ती पुढे, आणि लोकप्रियतेमुळेच गेली. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात अमेरिकेतील लोकांनी हवाईचे संगीत ऐकले आणि घरोघरी युकुलेले आले. पुढे प्लॅस्टिकची स्वस्त युकुलेले निघाली. दोनतीन स्वरमेळ एका दुपारीत शिकता येतात, म्हणून ते खेळणे ठरले. हा न्याय विचित्र आहे. ज्याचा आरंभ सोपा, त्याचा शेवटही सोपाच असेल, असे मानण्यास काय आधार?

वस्तुतः हे वाद्य चांगले वाजविणे फार कठीण आहे. प्रचारातील लहान युकुलेले जेमतेम पावणेदोन फूट लांबीचे. त्याच्या तारांतून दोन सप्तकेही पुरी निघत नाहीत. नेहमीच्या जुळणीत चौथी तार तिसरीहून वरच्या स्वरात लावलेली असते; त्यामुळे खर्जाचा आधार जवळजवळ नाहीच. शिवाय पोकळी लहान असल्याने छेडलेला स्वर लगेच विरून जातो. मोठ्या वाद्यावर स्वर रेंगाळतो आणि वादकाच्या बारीकसारीक चुका झाकतो. युकुलेलेवर ती सोय नाही.

या अडचणींतून वाट काढणारे शिमाबुकुरो हे पहिले नव्हेत. त्यांच्या आधी दोन पिढ्या होनोलुलूतच एडी कामाए (१९२७-२०१७) नावाचे वादक होऊन गेले. त्यांचे भाऊ बस चालवीत. बसमध्ये कोणीतरी विसरलेले युकुलेले त्यांनी घरी आणले आणि त्यावर एडी वाजवू लागले. तोवर युकुलेले बहुधा गाण्याच्या साथीलाच असे. कामाए यांनी चारही तारा एकदम छेडून धून आणि साथ दोन्ही एकाच वेळी काढण्याची पद्धत बसविली. तरुणपणी त्यांची ओढ जॅझ व लॅटिन अमेरिकेतील संगीताकडे होती. आपल्या बेटांचे संगीत त्यांना फारच साधे वाटे. पुढे १९६० च्या सुमारास गॅबी पाहिनुई या थोर गायक-वादकांच्या सहवासात ते त्या संगीताकडे वळले. 'सन्स ऑफ हवाई' हा वृंद त्यांनी मिळून स्थापिला, आणि जुनी, विस्मृतीत चाललेली हवाई गीते शोधून काढण्यात कामाए यांनी उरलेले आयुष्य वेचले. जे वाद्य दुसऱ्यांचे कठीण संगीत वाजवून दाखवू शकते, तेच घरच्या साध्या गीतातही तितकेच मोठे असते, हे त्यांना उमगले होते. त्यांच्या चातुर्यापेक्षा हे वळणच अधिक मोलाचे म्हटले पाहिजे.

शिमाबुकुरो कामाए यांचे ऋण मानतात. त्यांचा जन्म १९७६ साली होनोलुलूत, जपानी वंशाच्या कुटुंबात झाला. ते चार वर्षांचे असताना आईने त्यांच्या हाती युकुलेले दिले आणि पहिले धडे शिकविले. आज ते मोठमोठ्या सभागृहांत, वाद्यवृंदांबरोबर वाजवितात. २००९ साली ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांच्यासमोरही त्यांनी वादन केले. पण वाद्य मोठे दिसावे म्हणून त्यांनी त्याला पाचवी तार जोडली नाही. स्वर लवकर विरतो, तर ते तो अत्यंत वेगाने पुनःपुन्हा छेडतात. नाहीतर त्याला विरू देतात आणि त्यामागून येणारी शांतताही श्रोत्यांना ऐकवितात.

शिमाबुकुरो शाळाशाळांतूनही जातात. तेथील मुलांजवळ स्वस्तातली युकुलेले असतात आणि बोटे अजून अडखळत असतात. ती मुले कोणते वाद्य शिकत आहेत, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. समोर बसलेल्या पाहुण्यांच्या मांडीवर तेच वाद्य असते.