ताटातील नकार

मूल जेवत नाही, ही तक्रार प्रत्येक पिढीतील आयांनी केली आहे. दोन-तीन वर्षांच्या वयात भाजीकडे पाठ फिरवणे, कालपर्यंत आवडणारा वरण-भात आज दूर लोटणे हे बहुतेक मुलांच्या वाढीत येते आणि शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांत ओसरतेही. काही घरांत मात्र ते ओसरत नाही. मूल सात वर्षांचे होते, तरी त्याच्या ताटात कोरडी पोळी, कुरमुरे, एकाच प्रकारची बिस्किटे आणि दूध एवढेच उरते. नवा पदार्थ समोर येताच ते ताट सरकवते, कान झाकते, कधी उलटी करते. नातलग म्हणतात, "लाडावून ठेवले आहे." शेजारी सुचवतात, "दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल." आणि आज मुलाच्या पोटात नक्की काय गेले, याचा हिशेब आई रात्री मांडत बसते.

ज्या घरांत स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेले मूल आहे, तेथे हे चित्र परिचयाचे आहे. अशा मुलाचा नकार हा हट्ट समजून त्याच्याशी झुंज घेतली, तर तो अधिक घट्ट होतो. नकारामागचे कारण शोधले, तर हळूहळू का होईना, वाट सापडते.

ही अडचण स्वमग्नतेइतकीच जुनी आहे. १९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांच्या त्या लेखातही अनेक मुलांच्या खाण्याच्या अडचणींची नोंद आहे. अन्न हे बाहेरच्या जगाकडून बालकाकडे येणारे सर्वांत पहिले अतिक्रमण होय, अशा आशयाचे विवेचन त्यांनी तेथे केले आहे. पुढे २०१३ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. स्वमग्न मुलांत खाण्याच्या समस्या इतर मुलांच्या तुलनेत सुमारे पाचपट आढळतात आणि त्यांच्या आहारात प्रथिने व कॅल्शियम कमी असते, असे त्यातून दिसून आले.

याचे मूळ बहुतांशी संवेदनांत आहे. स्वमग्न मुलाची ज्ञानेंद्रिये सदोष नसतात. परंतु त्यांच्याकडून येणारी माहिती मेंदू वेगळ्या तीव्रतेने स्वीकारतो. मोठ्यांना सुखद वाटणारा हिंगाच्या फोडणीचा वास त्याला असह्य होऊ शकतो. मऊ खिचडीत अवचित दाताखाली आलेली मोहरी त्याला दगडाच्या खड्यासारखी भासते. आमटी-भातात ओले व कोरडे एकत्र येते, भेळेत कुरकुरीत व लिबलिबीत एकत्र येते. प्रत्येक घासाचा स्पर्श निराळा, म्हणून प्रत्येक घास अनिश्चित. त्यात कुकरची शिट्टी, मिक्सरची घरघर, स्टीलच्या ताटांचा खणखणाट आणि सर्वांचे एकाच वेळी चाललेले बोलणे यांची भर पडते. घास तोंडाजवळ येण्यापूर्वीच मूल थकलेले असते.

दुसरे कारण सारखेपणाच्या गरजेचे आहे. एकाच पाकिटातील दोन बिस्किटांत फरक नसतो. एकाच वेलीवरच्या दोन काकड्या मात्र सारख्या निघत नाहीत. एक गोड, एक कडवट, एक बियांनी भरलेली. ज्या मुलाला पुढे काय येणार हे ठाऊक असल्याशिवाय स्वस्थता लाभत नाही, ते भाजीपेक्षा बिस्किटाकडे वळते, यात नवल नाही. पाकिटाचा रंग बदलला तरी काही मुले तोच पदार्थ नाकारतात. बाहेरच्याला हे विक्षिप्त वाटते. मुलाच्या दृष्टीने ओळखीची वस्तू अनोळखी झालेली असते.

म्हणूनच "उपाशी ठेवा" हा सल्ला येथे केवळ निरुपयोगी नव्हे, तर घातक ठरतो. काही स्वमग्न मुलांना भुकेची जाणीवच पुरेशी स्पष्ट होत नाही, आणि ती खरोखर उपाशी राहतात. बळजबरीने भरवलेला घासही असाच उलटतो. भीतीच्या स्थितीत शरीराची भूक मंदावते, आणि तो पदार्थ, ती वाटी, कधी ती जागाही मुलाच्या मनात भीतीशी जोडली जाते. आवडत्या पोळीत गुपचूप भाजी मिसळण्याचा उपायही बेताने योजावा लागतो. तो मुलाच्या लक्षात आला, तर भाजी दूरच राहते आणि पोळीही यादीतून जाते.

उपायांचा आरंभ मात्र स्वयंपाकघरात नव्हे, डॉक्टरांकडे व्हावा. बद्धकोष्ठता स्वमग्न मुलांत बरीच आढळते आणि ती भूक मारते. आंबट ढेकर, घशाशी येणारे अन्न, किडलेला दात, चावण्या-गिळण्यातील अडचण ही दुखणी बोलता न येणारे मूल नकारानेच सांगते. घास घेताना वारंवार ठसका लागणे, वजन घटणे किंवा वाढ खुंटणे, माती-खडू यांसारख्या वस्तू खाणे, यादीतील पदार्थ एकामागून एक गळत जाणे ही तातडीने तपासणी करण्याची लक्षणे आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर 'डीईआयसी' या नावाने ओळखली जाणारी केंद्रे आहेत. मुलाच्या विकासाविषयीच्या तपासणीसाठी पालकांना तेथेही जाता येते.

शाकाहारी, त्यातही जैन घरातील मुलाच्या पोषणाचा विचार अधिक काटेकोरपणे करावा लागतो. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. शाकाहारी मुलाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळते. मूल हे पदार्थ घेत नसेल, तर रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक औषध द्यावे लागते. याउलट, काही मुले दिवसभर दुधावरच राहतात. फार दूध प्यायल्याने इतर अन्नाची भूक उरत नाही आणि लोहाची कमतरता उद्भवते. डाळी-कडधान्यांतील लोह शरीरात मुरण्यासाठी सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू असावा. दूध न घेणाऱ्या मुलासाठी नाचणी हा चांगला आधार आहे; १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पूरक औषध घेताना त्याचा उगमही विचारून घ्यावा. अनेक कॅप्सूलांचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते, आणि डी-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्ध द्रव्यापासून बनवतात. द्रवरूप वा गोळीच्या रूपातील शाकाहारी पर्याय उपलब्ध असतात.

गहू आणि दूध पूर्ण बंद केल्यास स्वमग्नता कमी होते, असा प्रचार पालकांच्या कानी वारंवार येतो. आजवरच्या अभ्यासांतून त्यास पुरेसा आधार मिळालेला नाही. ज्या घरात अंडी नाहीत, कंदमुळे नाहीत, त्या घरातील मुलाच्या पाच पदार्थांच्या यादीतून पोळी आणि दूधही काढून घेतले, तर उरते काय? गव्हाची खरी असहिष्णुता, म्हणजे सिलिअॅक रोग असल्याची शंका असेल, तर त्याची चाचणी गहू बंद करण्यापूर्वीच करावी लागते. आधी गहू सोडल्यास निदान चुकू शकते.

शरीराची तपासणी झाल्यावर घरातील कामाला सुरुवात होते. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी जबाबदारीची केलेली वाटणी येथे उपयोगी पडते: काय, केव्हा आणि कोठे वाढायचे ते पालकांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, ते मुलाने ठरवावे. स्वमग्न मुलाच्या बाबतीत तिला एक जोड हवी. प्रत्येक जेवणात त्याच्या ओळखीचा निदान एक पदार्थ ताटात असावा, म्हणजे जेवायला बसणे त्याला संकट वाटत नाही.

नवा पदार्थ खाणे ही एक कृती नसून पायऱ्यांची मालिका आहे. पदार्थ त्याच खोलीत असणे सहन होणे, मग तो ताटाशेजारी चालणे, बोटाने स्पर्श, वास, ओठांना लावणे, चाटणे, चावून बाहेर काढणे आणि शेवटी गिळणे. स्वमग्नता नसलेल्या मुलांनाही नवा पदार्थ स्वीकारण्यासाठी तो बहुधा आठ ते पंधरा वेळा समोर यावा लागतो. स्वमग्न मुलाला त्याहून पुष्कळ अधिक वेळ द्यावा लागतो.

ओळखीच्या पदार्थापासून अनोळखी पदार्थापर्यंत साखळी विणणे हा दुसरा मार्ग. मूल बाजारचा साधा खाकरा खात असेल, तर पुढची कडी घरी भाजलेला तितकाच पातळ खाकरा. मग त्यात चिमूटभर कसुरी मेथी, मग किंचित जाडसर खाकरा, मग कडक भाजलेली पोळी आणि अखेरीस मऊ पोळी. एका वेळी एकच बदल, आणि तोही मुलाला दाखवून. उपचारतज्ज्ञ अशी साखळी पुष्कळदा बटाट्याच्या कापांपासून सुरू करतात. घरात बटाटा येत नसेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. कच्च्या केळ्याच्या वेफर्सपासूनही साखळी तितकीच चांगली सुरू होते. पुढे तव्यावर भाजलेले केळ्याचे काप, मग वाफवलेले केळे, मग केळ्याची कोरडी भाजी.

जैन घरातील काही रीतींचा येथे विशेष विचार करावा लागतो. ताटात अन्न टाकायचे नाही, जेवणानंतर ताट धुऊन ते पाणीही प्यायचे, असा अनेक घरांचा शिरस्ता आहे. न खाल्लेला पदार्थ मुलाच्या ताटात ठेवणे त्यामुळे आजी-आजोबांना खटकते, आणि "वाढले आहे ते संपव" हा आग्रह सुरू होतो. यावर सोपा तोडगा आहे. मुलाशेजारी एक वेगळी लहान वाटी ठेवावी. तीत नव्या पदार्थाची एकच फोड, एकच दाणा असावा. ती वाटी पाहण्यासाठी, हुंगण्यासाठी, स्पर्श करण्यासाठी. जेवणाच्या शेवटी तो दाणा आई किंवा वडिलांनी खावा. अन्नही वाया जात नाही आणि मुलावरचा भारही उतरतो.

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाचेही तसेच. सूर्यास्त ऋतूनुसार पुढे-मागे होतो आणि त्याबरोबर घरातील जेवणाची वेळ सरकते; स्वमग्न मुलाला मात्र बदलती वेळ अस्वस्थ करते. पश्चिम महाराष्ट्रात वर्षातील सर्वांत लवकरचा सूर्यास्त संध्याकाळी सहाच्या सुमारास होतो. मुलाची वेळ वर्षभर साडेपाचच्या आसपास ठेवली, तर नियमही पाळला जातो आणि मुलाला घड्याळाचा आधारही मिळतो. शाळा सुटल्यावर चार-साडेचारला पोटभर बिस्किटे दिली, तर साडेपाचला भूक कोठून लागणार, याचेही भान ठेवावे.

पर्वतिथी, पर्युषण, दशलक्षण आणि चातुर्मास या काळात अनेक घरांतून हिरव्या भाज्या जातात. जे मूल वर्षभराच्या प्रयत्नाने काकडी किंवा दोडका खाऊ लागले आहे, त्याच्यासाठी हा लहान बदल नव्हे. भिंतीवरील दिनदर्शिकेवर त्या दिवसांना चित्राची खूण करावी, दोन-तीन दिवस आधीपासून ती दाखवावी, आणि त्या दिवसांत चालणारा एक कोरडा, ओळखीचा पदार्थ वर्षभर यादीत टिकवून ठेवावा. इतके करूनही काही घरांत मुलापुरती भाजी चालू ठेवण्याचा निर्णय होतो. व्रत समजून घेणाऱ्याचे असते. मुलाच्या समजेची वाट पाहण्यात कमीपणा नाही.

पंगत आणि सामूहिक भोजन ही सर्वांत कठीण परीक्षा. गर्दी, गोंगाट, अनोळखी वास, आणि वरून वाढणाऱ्यांचा प्रेमळ आग्रह. अशा वेळी मुलाचा डबा घरून न्यावा, पंगत सुरू होण्यापूर्वी शांत जागी त्याला जेवू घालावे, आणि नंतर काही मिनिटे सर्वांसोबत नुसते बसू द्यावे. पाहुण्यांनी "काहीच कसे खात नाही?" हा प्रश्न मुलासमोर विचारू नये. बोलू न शकणाऱ्या मुलालाही आपल्याविषयीचे बोलणे समजते. वाढणाऱ्याने रिकामे ताट पाहून पुढे जावे. त्या आईला यापेक्षा मोठी मदत कोणी करू शकत नाही.

प्रगतीचे मापही निराळे ठेवावे लागते. या आठवड्यात दुधीभोपळ्याची फोड वाटीत असताना मूल उठून गेले नाही, ही प्रगती आहे. महिन्याने त्याने ती बोटाने दाबून पाहिली, हीसुद्धा प्रगतीच. वर्षभरात यादीत दोन पदार्थांची भर पडली, तर ते यश मानावे आणि वहीत तारीख घालून नोंदवावे. थकलेल्या दिवशी ती वही पालकांनाच धीर देते. काही मुलांची यादी मोठेपणीही आखूडच राहते. ती पोषणाच्या दृष्टीने पुरेशी असेल आणि मूल घरच्यांसोबत निर्भयपणे जेवायला बसत असेल, तर तेवढ्यावर समाधान मानण्यास हरकत नाही.