ग्रंथविक्रेत्याचा खरा प्रतिस्पर्धी
ग्रंथव्यवहार : ‘वाचनव्रती’

मुळशी तालुक्यातील मौजे जांबे येथील शेतजमिनी एकामागून एक बिनशेती होऊन तेथे उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या, आणि हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांत चाकरी करणारी सुशिक्षित कुटुंबे त्यांत नांदू लागली. परंतु यांपैकी कोणास मराठी पुस्तकांची खरी पेठ धुंडाळावीशी वाटली, तर वीस किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून पुण्याचा अप्पा बळवंत चौक गाठावा लागतो. त्यापेक्षा मोबाइलवर बोट ठेवले की पुस्तक एक-दोन दिवसांत दारी येते. मग ग्रंथविक्रेत्याने दुकान मांडून बसावेच कशाला, असा प्रश्न पुष्कळांना रास्त वाटू लागतो.

याचा सारा दोष ई-पुस्तकावर ठेवण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला मान्य नाही. किंडलवर मराठी पुस्तके आली तीच मुळी 2016 साली, म्हणजे दुकाने बंद पडू लागल्यानंतर. ‘बुकगंगा’ने तर छापील प्रत आणि ई-पुस्तक ही दोन्ही एकाच पेढीवरून विकून दाखविली. दुकानाचा घात केला तो सवलतीने. फ्लिपकार्टने 2007 मध्ये आपल्या व्यापाराचा श्रीगणेशा पुस्तकांनीच केला, आणि पुढे, ज्या बड्या कंपन्यांना पुस्तक हे इतर शंभर जिनसांकडे गिऱ्हाईक वळविण्याचे साधन होते, त्यांनी ते अशा दराने विकले की, प्रकाशकाकडून मिळणाऱ्या कमिशनातूनच गाळ्याचे भाडे, नोकरांचे पगार आणि न खपलेल्या प्रतींत अडकलेले भांडवल यांची तोंडमिळवणी करणाऱ्या विक्रेत्यास त्याची बरोबरी करणे अशक्य व्हावे. पुण्याच्या कॅम्पातील मॅनीज हे पुस्तकांचे दुकान 2012 साली बंद झाले. टी. एन. शानभाग यांनी 1948 साली मुंबईत स्थापिलेल्या स्ट्रँडची दारे 2018 च्या फेब्रुवारीत मिटली, आणि स्ट्रँडचे उदाहरण विशेष विचारणीय आहे, कारण स्वस्त दर हे तर त्या दुकानाचेच ब्रीद होते. तरीही त्याचा निभाव लागला नाही.

फ्रान्सने हे दुखणे आधीच ओळखले. जॅक लांग संस्कृतिमंत्री असताना, 1981 साली, तेथे असा कायदा झाला की नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशकाने ठरवावी आणि कोणाही विक्रेत्याने तीत शेकडा पाचांहून अधिक सूट देऊ नये. आणि ऑनलाइन विक्रेते घरपोच पाठवणीचा आकार नाममात्र ठेवून या कायद्याचा हेतू विफल करू लागले, तेव्हा 2023 च्या ऑक्टोबरपासून 35 युरोंखालील पुस्तकखरेदीवर किमान 3 युरो पाठवणखर्च आकारण्याची सक्ती झाली. आपल्याकडे छापील पुस्तकास वस्तू व सेवा कर माफ आहे, हे उचितच. परंतु ती माफी मातबरास आणि दुर्बळास सारखीच मिळते. नवे पुस्तक निदान वर्षभर ठरल्या किमतीसच विकले जावे, असा हुकूम सरकारने काढावा, हे माझे स्पष्ट मत आहे. यात वाचकाचे नुकसान होईल, हा आक्षेप मला टिकाऊ वाटत नाही. सूट द्यावीच लागणार हे हेरून प्रकाशक मूळ किंमतच चढवून छापू लागला, तर त्या सुटीत वाचकाच्या पदरी काय पडते?

कायद्याने दुकानाचा जीव वाचेल. गिऱ्हाईक मात्र विक्रेत्याच्या व्यासंगानेच येईल. मागितलेले पुस्तक देण्यास यंत्र समर्थ आहे. परंतु इतिहासाचे एक पुस्तक मागणाऱ्या तरुणापुढे त्याच विषयावरील, त्याने नावही न ऐकलेले दुसरे पुस्तक ठेवणारा मनुष्य गल्ल्यापाशी बसलेला असावा लागतो. डेक्कन जिमखान्यावरील, 1931 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बुक सर्व्हिससारख्या दुकानाची पुण्याई अशाच माणसांवर उभी असते. ‘अक्षरधारा’ या ग्रंथविक्री-संस्थेने महाराष्ट्रभर प्रदर्शने भरवून ग्रंथ वाचकाच्या गावी नेले, तीच वाट जांब्यासाठीही मोकळी आहे. तेथील गृहसंकुलांनी आपली सभागृहे शनिवार-रविवारी प्रदर्शनांसाठी विनामूल्य द्यावीत. आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने मोठ्या संकुलांचे नकाशे मंजूर करताना, दुकानांच्या रांगेतील एक लहानसा गाळा ग्रंथविक्रीसाठी दहा वर्षे माफक भाड्याने राखून ठेवण्याची अट बांधकामदारावर घालण्याची तजवीज करावी.