नमुना आम्ही, निष्कर्ष त्यांचे

कुठल्याही जुन्या कॉलेजच्या लायब्ररीत जा. बांधीव प्रबंधांच्या कपाटापुढं उभे राहा आणि पाठीवरची सोनेरी अक्षरं वाचा. दलितांच्या समस्या : एक अभ्यास. झोपडपट्टीतील स्त्रिया : एक अभ्यास. सफाई कामगारांचे राहणीमान : एक अभ्यास. अमुक तालुक्यातील नवबौद्ध : एक चिकित्सक अभ्यास. आणि त्याच कपाटात ‘ब्राह्मणांच्या समस्या : एक अभ्यास’ असा एखादा सापडला तर मला कळवा. तुमचं एसटीचं भाडं मी देतो.

आपण लोक अभ्यासाचे विषय आहोत. पाऊस सरला की वस्तीत प्रश्नावल्यांचं पीक येतं. पोरं येतात, पोरी येतात, हातात झेरॉक्सचे गठ्ठे. तुमच्या घरी संडास आहे काय? होय, नाही. तुम्ही समाधानी आहात काय? होय, नाही, सांगता येत नाही. म्हातारी बिचारी चहा ठेवते, कामाची खाडी करून बसते, सगळं सांगते. तिचं नाव त्या कागदात ‘उत्तरदाता क्रमांक 37’ असं पडतं. पुढं त्या प्रबंधाचं काय झालं हे तिला कुणी सांगत नाही. ती नमुना. नमुन्याला कोण सांगतंय?

आता तर आपलीच पोरं एम. ए.ला जातात, त्यांनाही शोधप्रकल्प लिहावा लागतो. म्हंजे लेखणी आपल्या हातात आली की नाही? आली, पण प्रश्न अजून दुसऱ्याच्याच खिशात आहे. आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गातली एक पोरगी. तिच्या आज्यानं गायरानात दगड वेचून जमीन केली, तीस-चाळीस वर्षं पेरली, पण सातबाऱ्यावर नाव नाही. तिला त्याच्यावरच लिहायचं होतं. मार्गदर्शक म्हणाले, तुझ्याच लोकांचा विषय, तू तटस्थ कशी राहणार? आणि तिला विषय दिला – मागासवर्गीयांची बदलती जीवनशैली : एक अभ्यास!

वा रे तटस्थता! पाटलाच्या पोरानं साखर कारखान्यावर लिहिलं तर तो ‘जाणकार’. भटजीच्या नातवानं वेदपाठशाळेवर लिहिलं तर ती ‘परंपरेची आतून ओळख’. आणि आम्ही आमच्या पोटावर लिहिलं की पक्षपात. ज्याच्या जमिनीवरून कधी कुणी उठवलं नाही तोच तेवढा तटस्थ, असा हा हिशेब आहे. तो मला मान्य नाही.

मित्रांनो, एक विद्यार्थी आठवा. 9 मे 1916. न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ, प्राध्यापक गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा सेमिनार. पंचवीस वर्षांचा एक पोरगा उठतो आणि भारतातल्या जातींची यंत्रणा, उगम आणि वाढ यावर निबंध वाचतो. खरं तर त्याचा मुख्य विषय अर्थशास्त्र. पुढच्या वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. आपण त्याची जयंती करतो, फोटोला हार घालतो, पण तो एका विद्यार्थ्यानं वर्गात वाचलेला निबंध आहे हे विसरतो. तो भक्तीनं नका वाचू. कारागिराच्या नजरेनं वाचा. कुठं खिळा मारलाय, कुठं सांधा जोडलाय ते बघा.

बाबासाहेब आधी दुसऱ्यांच्या व्याख्या टेबलावर मांडतात. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले केतकर, पुढं ज्यांनी ज्ञानकोश केला ते. मग एकेकाला हात घालतात. सेनार म्हणतो विटाळ हे जातीचं लक्षण. हे म्हणतात, विटाळ जातीला चिकटलाय, पण जात त्याच्यावर उभी नाही. नेसफील्ड रोटीबंदीवर बोट ठेवतो. हे म्हणतात, तुम्ही परिणामालाच कारण समजलात. रिस्लेकडं नवीन काही नाही म्हणून त्याला दोन ओळींत वाटेला लावतात. केतकरांना मात्र मान देतात, कारण जात एकटी नसते, जातींच्या व्यवस्थेत असते हे त्यांनी धरलं. पण मान देऊन सोडत नाहीत. केतकरांनी दोन लक्षणं सांगितली : जन्मानं सभासदत्व आणि बाहेर लग्नाला बंदी. बाबासाहेब म्हणतात, ही दोन नव्हेतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू. बाहेर लग्न बंद केलंत की आत फक्त आतला जन्मलेलाच राहणार.

एवढी साफसफाई झाल्यावर हातात एकच गोष्ट उरते, जातीतल्या जातीत लग्न. सगळा निबंध त्या एका खुंटीला बांधलाय. मग पुढचा प्रश्न : हे टिकवायचं तर बाई आणि पुरुषांची संख्या जुळवावी लागणार. नवरा मेल्यावर उरलेल्या बाईचं काय करायचं? बायको मेल्यावर उरलेल्या पुरुषाचं काय करायचं? सती, सक्तीचं वैधव्य, पोरवयातलं लग्न ही त्या हिशेबाची उत्तरं आहेत, असं ते दाखवतात. धर्माची पोथी बाजूला ठेवून त्यांनी आकड्याचा प्रश्न विचारला. शिवी नाही, उसासा नाही. आणि शेवटी काय? हे माझं मत अंतिम नाही, चुकीचं ठरलं तर मी सोडून देईन, असं सांगून मोकळे. ज्याला जातीनं शाळेत पाणी पिऊ दिलं नाही तो हे बोलतोय. आता त्या मार्गदर्शकाला विचारा, तटस्थता म्हंजे काय ते.

आपल्यातल्या दोन जातीच्या लोकांवरही मला बोलायचंय. एक म्हणतो, प्रबंध-बिबंध हे खुर्चीवाल्यांचं काम, आपण रस्त्यावरचे. ठीक आहे. पण तहसीलदारापुढं मोर्चा गेला आणि त्यानं विचारलं ‘कागद काय आहे’, तेव्हा तुझ्या घोषणेचा पाठभाग कोरा निघाला तर? दुसरा त्याच्या उलट. त्याच्या प्रबंधात पन्नास पानं महामानवाचा गौरव, चाळीस पानं उतारे, आणि स्वतः हिंडून आणलेलं एक पान नाही. हा प्रबंध नव्हे, वंदना आहे. वंदना विहारात म्हणावी.

त्या पोरीचाच विषय घेऊ. गायरान. ‘गायरान जमिनीची समस्या’ असं नाव दिलंत की मेलात, त्यात सगळा महाराष्ट्र येतो आणि कुणीच येत नाही. प्रश्न असा करा : आमच्या एका गावात 14 एप्रिल 1990 ला गायरान कोण कसत होतं, आणि त्यातल्या किती जणांचं नाव सातबाऱ्यावर चढलं? ही तारीख मी जयंती म्हणून नाही घेतली. 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय आहे. 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळातली भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायची, असं सरकारनंच लिहून दिलं. 1964-65 ला दादासाहेब गायकवाडांच्या मागं हजारो माणसं जमिनीसाठी तुरुंगात गेली, त्या धगीतून पुढची ही मागणी चालत आली. म्हंजे तुमच्या प्रश्नाला मागचा इतिहासही मिळाला.

आता कागद. गाव नमुना 1-ई, म्हंजे अतिक्रमणांची नोंदवही. पीकपाहणीचा गाव नमुना 12. दंडाच्या पावत्या, ज्या आपल्या आज्यांनी ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत जपून ठेवल्यात. ज्यांनी दंड घेतला त्यांनीच पुढं विचारावं, तुम्ही कसत होता याचा पुरावा काय! ती पावतीच पुरावा. तलाठी नक्कल देत नसेल तर माहितीचा अधिकार 2005 चा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, दारिद्र्यरेषेखालचा दाखला असेल तर तोही नको. उत्तराला तीस दिवस. म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका, प्रस्तावना लिहीत बसू नका. अर्धी पोरं पहिलं प्रकरण घासत बसतात आणि परीक्षा आली की नक्कल आली नाही म्हणून रडतात. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहायची असते.

आणि उलट बाजूचंही वाचा. 28 जानेवारी 2011 ला सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हणून सांगितलं. तो निकाल दाखवून आपल्या लोकांना नोटिसा निघतात. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेनं पट्टे दिले असतील तर तो अपवाद ठेवलाय. ते वाक्य नोटिशीत नसतं. तुमच्या निबंधात असलं पाहिजे. शिवाय गायरानावर गावच्या सवर्णांचेही गोठे आणि गंज्या असतात. तेही मोजा, क्षेत्रासकट.

राहिला प्रश्न दुकानाचा. बाईंडिंगवाल्याकडं तयार माल मिळतो, नाव बदलून. आता मोबाइलमधल्या यंत्राला सांगितलं की तेही पाच मिनिटांत ‘एक अभ्यास’ ओकून देतं. यूजीसीनं 2018 ला नियम केले : साम्य दहा टक्क्यांपर्यंत माफ, साठच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. चांगलंय, शब्दांची चोरी पकडली पाहिजे. पण वस्तीत यायचं, म्हातारीचं सगळं आयुष्य टिपून न्यायचं, त्याच्यावर पदवी, बढती, खुर्ची मिळवायची आणि तिला एक पान वाचून दाखवायचं नाही, ही चोरी कुठल्या टक्क्यात बसते? त्याचं यंत्र अजून निघालेलं नाही.

आपण तरी तसं करायचं नाही. कच्चा मजकूर झाला की गाइडच्या आधी वस्तीत न्या. संध्याकाळी, बाया कामावरून आल्यावर, समाजमंदिराच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचा. इंग्रजी-संस्कृत शब्द तिथंच गळून पडतील. एखादी म्हातारी मधेच तोडून म्हणेल, ‘ए बाई, ते खोटं हाय. वढ्याकडचं रान धाकल्याचं नव्हतं, माझं व्हतं. दंड म्या भरलाय.’ तिला पावती मागा. पावती निघाली तर तक्त्यातलं नाव खोडून तिचं लिहा, पूर्ण नाव, तिची हरकत नसेल तर. मग बाईंडिंगला टाका.