पाखरांचा वाटा

पाखरांस दाणे घालणें ही आपल्या घरांतील नवी चाल नव्हे. गृहस्थानें नित्य करावयाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञाची गणना आहे. वैश्वदेवानंतरचा बलि आणि पितृपक्षांतील काकबलि हीं त्याच वृत्तीचीं रूपें होत. पुष्कळ घरांतून वैश्वदेव उठला. परंतु परसांत टांगलेलें दाण्यांचें भांडें आणि गच्चीवर पाण्यानें भरलेलें परळ दृष्टीस पडलें म्हणजे ती वृत्ति अद्यापि जागी आहे, असें पाहून आम्हांस संतोष वाटतो. इ. स. २०१० पासून २० मार्च हा चिमण्यांचा दिवस म्हणून पाळण्यांत येऊं लागला, तेव्हांपासून शाळेंतील मुलेंहि या कामीं उत्साह दाखवूं लागलीं आहेत.

या संतोषास एक गालबोट आहे, आणि तेंच आजच्या लेखाचें प्रयोजन. पाखरांना घालावयाचे दाणे येतात कोठून? पुष्कळ घरीं उत्तर एकच मिळतें : जें आपणांस नको, त्यांतून. पावसाळा संपतां संपतां कोठीघर उपसलें जातें. डब्याच्या तळाशीं ओल लागून गोळा झालेली ज्वारी, हिरवट झालेले शेंगदाणे, काळवंडलेला मका बाहेर निघतो. तो खाववत नाहीं आणि टाकवतहि नाहीं. मग कोणी वडील माणूस निर्णय देतें, "घाला पाखरांना!" अन्न वायां गेलें नाहीं आणि पुण्यहि पदरीं पडलें, असें समजून सर्वांचें समाधान होतें.

हें समाधान खोटें आहे. धान्यावर येणाऱ्या कांहीं बुरशी विष उत्पन्न करितात. इ. स. १९६० मध्यें इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधींत मेले. शोध करितां त्यांच्या खाद्यांतील भुईमुगाच्या पेंडींत बुरशीचें विष सांपडलें. त्यासच पुढें अफ्लाटॉक्सिन हें नांव मिळालें. आपल्या देशांतील उदाहरण याहून दुःखदायक आहे. इ. स. १९७४ मध्यें गुजरातेंतील पंचमहाल व राजस्थानांतील बांसवाडा या भागांत अवेळीं पावसांत भिजून बुरसलेला मका गरीब लोकांच्या खाण्यांत आला, आणि शंभराहून अधिक माणसें यकृताच्या विकारानें दगावलीं. हें विष धुतल्यानें जात नाहीं, उन्हांत घातल्यानें जात नाहीं, आणि स्वयंपाकाच्या उष्णतेनेंहि पुरतें नष्ट होत नाहीं. चिमणीचें सारें वजन २५ ग्रॅमांच्या आसपास. तिच्या देहास विषाचा केवढा अंश पुरत असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

येथें एक भेद ध्यानीं ठेवणें अगत्याचें आहे. किडलेलें धान्य आणि बुरसलेलें धान्य हीं एक नव्हेत. टोके किंवा सोंडे लागलेली कोरडी ज्वारी पाखरांना अपायकारक नाहीं. तिचें सत्त्व मात्र कमी झालेलें असतें, आणि किड्यांचा समाचार पाखरें आवडीनें घेतात. परंतु ज्यास कुबट वास येतो, ज्याचे दाणे एकमेकांस चिकटले आहेत, किंवा ज्यावर हिरवी-काळी पूड दिसते, तें पाखरांपुढें मुळींच ठेवूं नये. तसेंच पेरणीनंतर उरलेलें बियाणेंहि घालूं नये. त्यावरील गुलाबी अथवा तांबडा रंग ही औषध चोळल्याची खूण आहे, आणि तें औषध विषारी असतें.

तेव्हां पाखरांचे दाणे मुद्दाम विकत आणावे. चिमण्या, मुनिया व सुगरणी यांस बाजरी, राळे आणि तांदळाची कणी मानवते, होल्यांस ज्वारी, पोपटांस करडई व सूर्यफुलाचें बी. घेतांना पोत्यांत हात घालून पाहावा. आंत ऊब लागली तर माल ओलसर आहे असें समजावें. दाणा दांताखालीं कट्कन फुटला पाहिजे. रोज एक मूठ, म्हणजे सुमारें ५० ग्रॅम धरली, तर महिन्यास दीड किलो पुरतें. चातुर्मासांत मात्र पंधरा दिवसांपुरतेंच आणावें. करडई व सूर्यफूल यांत तेल असल्यामुळें तीं लवकर खवट होतात. तीं याहूनहि थोडीं घ्यावीं.

आणलेलें धान्य एक दिवस उन्हांत वाळवून, पूर्ण निवल्यावर, घट्ट झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत भरावें. ऊन धान्य डब्यांत कोंडलें तर आंत घाम सुटतो. डबा जमिनीवर न ठेवतां पाटावर ठेवावा, आणि जुनें संपून डबा पुसल्याशिवाय नवें त्यांत ओतूं नये. किडीची भीति असल्यास पुडा बांधून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यांत चार दिवस ठेवावा आणि बाहेरच्या हवेशीं सम झाल्यावरच सोडावा. सुकविलेला कडुलिंबाचा पाला घालण्यास हरकत नाहीं. परंतु पाऱ्याच्या गोळ्या व बोरिक पावडर यांस या डब्यांत मज्जाव असावा.

दाणे सकाळीं घालावे, आणि दुपारपर्यंत संपतील इतकेच घालावे. राळ्यांचीं नुसतीं फोलें उरून भांडें भरलेलें भासतें, तीं फुंकून टाकावीं. भांडें आठवड्यांतून एकदां कढत पाण्यानें धुऊन वाळवावें. कबुतरांचे थवे जमतील अशा राशी घालणें अनुचित होय. त्यांच्या विष्ठेच्या धुळीनें माणसांस फुप्फुसाचे विकार जडतात, इ. स. २०२५ मध्यें मुंबईंतील कबूतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्याच्या मुळाशीं हेंच कारण होतें.

आतां बुरसलेल्या धान्याचें काय करावें, असें गृहिणी विचारतील. तें गाईपुढेंहि ठेवूं नये. कारण हें विष दुधांत उतरतें, आणि तेंच दूध मुलांच्या पेल्यांत येतें. परसाच्या कोपऱ्यांत खड्डा घेऊन, जनावर उकरणार नाहीं इतकें खोल, तें पुरून टाकावें. तें टाकतांना जीवास लागेल, हें आम्ही जाणतों. परंतु अन्नाची ही हानि डब्याला ओल लागली त्याच दिवशीं होऊन चुकलेली असते. ती भरून काढण्याचा भार पाखरांवर टाकूं नये.