जुन्या मोटारीची बैठक

जुनी वस्तू हाती आली म्हणजे मनुष्याच्या अंगी विवेक किती आहे हे लवकर कळून येते. नवी वस्तू पैसा असला की मिळते. जुनी राखावयाची तर पैशाबरोबर ज्ञान, धीर आणि आदर ही तिन्ही लागतात. आपल्या मुरुड, लातूर, बार्शी या टापूत आजही काही घरी वडिलांच्या वा आजोबांच्या वेळची फियाट, पद्मिनी किंवा अॅम्बॅसॅडर मोटार आडोशास उभी असते. तिचे इंजिन चालते, पत्राही बरा असतो. परंतु बैठकी उसवलेल्या, स्प्रिंगा वर आलेल्या, भरण विस्कटलेले. अशा वेळी घरातील तरुण मंडळी सुचवितात की, भंगारातून एखाद्या नव्या मोटारीच्या बैठकी आणाव्या आणि बसवून टाकाव्या. या सूचनेचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. माझे मत प्रथमच सांगून टाकतो. जुन्या मोटारीची बैठक शक्य तोवर तिच्याच सांगाड्यावर पुन्हा भरून घ्यावी, परकी बैठक बसवू नये. मात्र जेथे जिवाच्या रक्षणाचा प्रश्न येतो तेथे जुनेपणाचा हट्टही धरू नये.

ही मोटार आपल्याला परकी नव्हे. शेजारच्या सोलापुरात १८८२ साली जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. १९६४ पासून तेथे ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली. तीच पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणजे हीच गाडी. अशा टॅक्सींपैकी शेवटचीची नोंदणी ताडदेव येथे २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. वीस वर्षांची मुदत भरताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून गेली. कारखान्यातून नवी निघत नाही, टॅक्सी म्हणून धावत नाही. तेव्हा घरोघरी ज्या थोड्या उरल्या असतील त्याच आता तिची साक्ष देणार.

कोणी विचारील की, बैठकीत एवढे काय आहे? इंजिन मूळचे राखले म्हणजे झाले! परंतु मोटारीत बसणारा मनुष्य इंजिनाला स्पर्श करीत नाही. त्याचा संबंध बैठकीशी येतो. मोटार कोणासाठी आणि कोणत्या समजुतीने बांधली हे बैठकच सांगते. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथील निजामाची १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉइस चौमहल्ला राजवाड्यात ठेवलेली आहे. तिचे मागील आसन सिंहासनासारखे केलेले असल्यामुळे तिला ‘सिंहासन-मोटार’ असेच नाव पडले. पद्मिनीत याच्या अगदी उलट. गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या खांबावर असल्याने पुढील दोन माणसांच्या मध्ये काहीच आड येत नाही, आणि पुढेही बाकासारखी सलग बैठक ठेवता आली. एकात राजाने सर्वांहून उंच बसावयाचे. दुसरीत कुटुंबाने खांद्याला खांदा लावून बसावयाचे. ही सलग बैठक काढून तिच्या जागी दोन सुट्या खुर्च्या ठेवल्या की गाडी चालेल, पण तिचे बोलणे बंद पडेल.

हा झाला भावनेचा भाग. व्यवहाराचा भाग याहून महत्त्वाचा आहे. परक्या गाडीच्या बैठकीचे रूळ आपल्या गाडीच्या तळावरील छिद्रांशी जुळत नाहीत. मग कोणी तळपत्र्यात नवी छिद्रे पाडतो, कोणी लोखंडी पट्ट्या जोडून त्यावर बैठक चढवितो. बैठक दोन बोटे उंच झाली की डोके छताला लागते. मागे सरली की ब्रेकवर पाय पुरा पोहोचत नाही. रुंद असली की दार लागताना घासते. शिवाय फियाट ११०० च्या घडणीत निराळी चॅसी नाही. तळ, बाजू आणि छप्पर यांचे पत्रे मिळूनच तिचा सांगाडा होतो. अशा गाडीच्या तळात वाटेल तेथे भोके पाडणे म्हणजे घराच्या तुळईला भोके पाडणे होय. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावल्याने फाटलेले अधिकच फाटते, हा प्रभूचा दृष्टांत आपण उपासनेत अनेकदा ऐकला आहे; त्याची सत्यता येथे लोखंडातही दिसून येते.

मग योग्य मार्ग कोणता? प्रथम बैठक बाहेर काढावी आणि तिच्याकडे न पाहता खाली पाहावे. वर्षानुवर्षे चटईखाली मुरलेल्या पाण्याने तळपत्रा गंजलेला असतो. स्क्रू पिळण्याच्या हत्याराने तो ठोकून पाहावा. जेथे आवाज बोदा येईल किंवा टोक आत शिरेल, तेथील पत्रा कापून नवा जोडून घेतल्यावाचून पुढे जाऊ नये. नंतर बैठकीचा लोखंडी सांगाडा घासून, चिरा सांधून, गंजरोधक रंग द्यावा. स्प्रिंगा एकेक दाबून पाहाव्या. दबलेल्या तेवढ्याच बदलाव्या. स्प्रिंगांवर गोणपाट, त्यावर नारळाच्या काथ्याची गादी, तिच्यावर कापसाचा वा फोमचा पातळ थर आणि सर्वांवर खोळ, असा हा क्रम आहे. जुनी खोळ फाडून फेकू नये. ती शिवणीशिवणीने उसवावी आणि तिचा प्रत्येक तुकडा नव्या कापडावर ठेवून बेतावे. त्यासारखा नमुना दुसरा मिळणार नाही.

पुष्कळ लोक याच्या अगदी उलट करतात. ते प्रथम खोळीचा रंग निवडतात, आणि तळ व सांगाडा यांची आठवण शेवटी करतात, किंवा करीतच नाहीत. वरून कीर्तन, आतून तमाशा, ही म्हण अशा बैठकीला तंतोतंत लागू पडते. खोळीबद्दल इतकेच सांगणे पुरे की, मूळच्या गाडीत रेक्झिन असेल तर रेक्झिनच घालावे. आपल्याकडील वैशाखात ते चटका देते हे खरे; परंतु त्यावर एखादी सोलापुरी चादर अंथरली की काम भागते, आणि ती काढली की मूळ रूप कायम!

आता जिवाच्या रक्षणाविषयी. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी पुढील उदाहरण करून पाहावे. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार आदळून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर आतील ६० किलो वजनाच्या माणसाला तिच्याबरोबर थांबविण्यास सुमारे १,२०० किलो वजनाएवढा जोर लागतो. सोयाबीनची शंभर किलोची बारा पोती डोळ्यांपुढे आणा! पट्टा असेल तर हा जोर पट्ट्यावर व तो ज्या पत्र्यास बांधला त्यावर पडतो; नसेल तर मागचा माणूस पुढच्या बैठकीवर आदळतो. कमरेवरून व छातीवरून जाणारा तीन ठिकाणी बांधलेला पट्टा व्हॉल्वो कंपनीचे निल्स बोहलिन यांनी १९५९ साली सिद्ध केला. आपल्या देशात पुढील आसनांस पट्टे १९९४ साली आवश्यक झाले. म्हणून त्यापूर्वीच्या पुष्कळ गाड्यांत ते नाहीतच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. ते मागील आसनावर पट्ट्यावाचून बसले होते. गाडी नवी व भारी असूनही जे घडले, ते जुन्या गाडीत घडणार नाही असे कोण म्हणेल? यास्तव बैठक काढलेली असतानाच, जाणत्या कारागिराकडून धड पत्र्याला मजबुती देऊन पट्टे बसवून घ्यावे. मूळ रूपाला यामुळे किंचित बाध येईल. तो येवो.

कायद्याचाही विसर पडू नये. मोटारवाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट स्पष्ट केली. किती माणसे बसावयाची हाही त्या नोंदणीचाच भाग आहे. तसेच २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी व मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. आज सलग बैठक भंगारात घालणाराला उद्या ती शोधूनही सापडणार नाही.

यावर खर्चाचा आक्षेप येईल. भंगारातील बैठक स्वस्त पडते, कारागिराची मजुरी जड वाटते. परंतु ती मजुरी जाते कोठे? आपल्याच गावातील वा लातुरातील गादीकाम करणाऱ्याच्या, वेल्डिंगवाल्याच्या, शिवणकाम करणाऱ्याच्या घरी. ही कामे मिळेनाशी झाली की कसब एका पिढीत लोपते, आणि मग पैसा असूनही बैठक भरून देणारा भेटत नाही. पालकबंधुभगिनींनी याचा विचार अवश्य करावा. लातूरच्या शिकवणी वर्गांत मुलगा अभियंता व्हावा म्हणून आपण कष्ट सोसता, ते योग्यच आहे. पण ज्या हातांनी स्प्रिंग बसते, शिवण सरळ येते, त्या हातांना कमी लेखण्याची शिकवण त्याला घरी मिळू नये. आपला प्रभू सुताराच्या घरी वाढला, हे ज्या शाळेत रोज स्मरले जाते, तेथे तरी हाताच्या कामाचा मान राहिलाच पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी गाडी असेल तर येत्या सुट्टीत वडिलांना विचारून तिची एक बैठक बाहेर काढा. कारागिराजवळ बसा, त्याने उसवलेल्या खोळीचे तुकडे क्रमाने मांडून ठेवा, मापे वहीत टिपून घ्या. भूमिती, यंत्रशास्त्र आणि मनुष्याविषयीचा आदर, हे तिन्ही विषय तेथे एकाच ठिकाणी शिकावयास मिळतील. आणि काम पुरे झाल्यावर आजीला त्या बैठकीवर प्रथम बसविण्याचा मान तुम्हालाच मिळेल.